नोकरी सोडून पूर्णवेळ कागदकाम : पोट भरतं का?

गुंडाळी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

चिंचवडला राहते, वय ३४, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला दुकानातली निमंत्रणं पसंत पडेनात म्हणून घरी केली, तिथून हे वेड लागलं. आधी क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी), मग उघडलं की चित्र उभं राहणारी पॉप-अप कार्डं, मग एक्स्प्लोजन बॉक्स (झाकण काढलं की चारी बाजू उघडून आतले फोटो दिसतात तो). गेल्या वर्षी मामेबहिणीचं अख्खं रुखवत कागदाचं केलं: सप्तपदीची पावलं, क्विलिंगची तुळस, पुठ्ठ्याची पालखी आणि पालखीला कागदी मोगऱ्याच्या माळा. त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरले आणि तेव्हापासून महिन्याला आठ-दहा ऑर्डरी येतात. रात्री लेक झोपली की बसते, एक वाजतो.

आता नवरा म्हणतोय, एवढी मागणी आहे तर नोकरी सोड आणि हेच कर. सासूबाई म्हणतात, कागदाच्या होड्या करून कुणाचं घर चाललंय? मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. इथे कुणी या कामावर खरंच घर चालवतं का? कौतुक नको, अनुभव हवेत.

हिशेबतपासनीस

धागाकर्ती ताई, अकाउंट्सला आहात म्हणून सरळच विचारतो. एका एक्स्प्लोजन बॉक्सला किती तास लागतात? विक्रीची किंमत काय? त्यातून माल वजा केल्यावर काय उरतं?

गुंडाळी

विकते ८५०ला. कागद, फोटो प्रिंट, रिबिनी, डिंक धरून २१० लागतात आणि पॅकिंगचे ६०. कुरिअर गिऱ्हाईक देतं. वेळ... साडेसहा तास धरा.

हिशेबतपासनीस

म्हणजे ५८० उरले. साडेसहा तासांनी भागा, तासाला ८९ रुपये. यात "ताई, तो फोटो नको, हा घ्या" आणि "रंग जरा बेबी पिंक करता येईल का" हे बोलणं धरलेलं नाही. त्याला दोन तास जातातच, खोटं बोलू नका. मग तासाला ६८. कात्रीचं पातं, कटिंग मॅट, प्रिंटरची शाई, बिघडलेला एखादा बॉक्स, हे अजून बाकीच आहे.

दिवसभर दुसऱ्याच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने स्वतःचीच वही उघडलेली नसावी, हे मला नवीन नाही. माझंही तसंच होतं. (हलके घ्या.)

गुंडाळी

हलके घेतलं, पण लागलं. आज कामात लक्ष नव्हतं.

टपरीवरचा

सासूबाई बरोबर बोलल्या. कागदाच्या होड्या. धाग्याचं सार्थक झालं.

जुजबंदी

टपरीवरचे साहेब, माझ्या आजोबांपासून आमचं घर पुठ्ठ्यावर आणि लईवर (चिकटवायच्या खळीवर) उभं आहे, तेव्हा जपून. पुण्यात पेठेत बाइंडिंगचं दुकान आहे. आजोबा व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या, रोजमेळ-खतावण्या, बांधायचे, वडिलांनी शाळांचे कॅटलॉग आणि कॉलेजांचे प्रबंध बांधले. मी हाताने शिवलेल्या वह्या, फोटो अल्बम आणि जुनी पुस्तकं दुरुस्त करण्याचं काम करतो. घर चालतं. गाडी दुचाकीच आहे.

ताई, तुमच्या धाग्यात मला एक गोष्ट खटकली. तुम्ही काय काय बनवता ते लिहिलंत, कागद कुठला वापरता ते एका शब्दाने लिहिलं नाहीत. या धंद्यात पहिले पैसे कागद घेतानाच वाचतात किंवा जातात. हस्तकलेच्या दुकानात दहा ए-फोर कागदांचं रंगीत पाकीट घेता ना? तोच कागद अख्ख्या शीटमध्ये, रिमाच्या भावाने घ्या आणि कटिंगवाल्याकडून कापून आणा, फरक दिसेल. मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीट, आमच्याकडे अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी. एक दिवस नुसतं फिरा, काही विकत घेऊ नका. दुकानदाराला जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७०-७५चा असतो, कार्डाला २५० ते ३०० लागतो, पाकिटाला १२० पुरे. घरी वजनाने खात्री करता येते. एका चौरस मीटरमध्ये १६ ए-फोर बसतात, म्हणजे ८० जीएसएमचा एक कागद बरोबर ५ ग्रॅम भरला पाहिजे. रिमात ५०० कागद असतात. आमच्या आजोबांच्या वेळी २४ कागदांचा दस्ता आणि २० दस्त्यांचं रीम, म्हणजे ४८० असायचे, आणि जुने लोक अजून दस्त्यातच बोलतात.

दुसरं, ग्रेन. गिरणीच्या कागदात तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर सुरीसारखी बसते. आडवी घातली की जाड कार्डाच्या घडीवर भेगा पडतात, रंग उडून पांढरं दिसतं. नवीन माणूस म्हणतो कागद वाईट होता. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा, तो वळेल. वळलेल्या नळीची लांबी ज्या दिशेला, ती ग्रेनची दिशा. पुस्तकात ग्रेन कण्याला समांतर ठेवायचा, नाहीतर पावसाळ्यात पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो आणि गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये परत घेऊन येतं. हातकागदाला अशी ठरलेली दिशा नसते, म्हणून तो कसाही वळवा, ऐकतो.

गुंडाळी

काका, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावलाय. माझ्या पॉप-अप कार्डांच्या घड्यांवर भेगा का पडायच्या ते तीन वर्षांनी कळलं.

हातकागद पुण्यात कुठे बघायला मिळेल?

जुजबंदी

शिवाजीनगरला शेतकी महाविद्यालयाच्या बाजूला हातकागद संस्था आहे. १९४०पासूनची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून निघालेली. सुती चिंध्यांचा लगदा करून कागद काढतात, झाड लागत नाही. तीच गोष्ट जयपूरजवळच्या सांगानेरची, तिथे कागजी मंडळींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कारखाने आहेत आणि होजिअरीच्या कात्रणांपासून माल बनतो. आपल्याकडचंही सांगतो. दौलताबादजवळ कागजीपुरा गाव आहे, नावातच धंदा. पेशव्यांच्या दप्तरातले कागद जुन्नरी, दौलताबादी. दोनशे-अडीचशे वर्षांनी मोडीची शाई अजून काळीभोर दिसते, आणि आपलं गेल्या वर्षीचं वर्तमानपत्र पिवळं पडलंय. कारण लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य. लग्नाचा अल्बम वर्तमानपत्री पुठ्ठ्यावर बांधणारे बघितले की माझा जीव जळतो, पण तो वेगळा धागा होईल.

मीच_ती_जुनी

कौतुक नको म्हणालात म्हणून लिहिते. मी दोन वर्षं पूर्णवेळ केलं आणि परत नोकरीला लागले.

माझी क्विलिंगची कानातली होती, आणि फ्रेम्स. पहिली चूक, एका मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. तीन दिवसांचे ९,००० भाडं, विक्री ११,४००. त्यातला माल, जाणं-येणं, मदतीला आलेल्या मुलीचं जेवण काढून माझ्या हाती काय राहिलं असेल ते तुम्हीच काढा. दिवसभर बायका यायच्या, कानातलं हातात घ्यायच्या, "अय्या, कागदाचं आहे?" म्हणायच्या, फोटो काढायच्या आणि मैत्रिणीला सांगायच्या, अगं हे घरी करता येतं. करतात का? कधीच नाही. पण विकतही घेत नाहीत.

दुसरी चूक, एका भेटवस्तूंच्या दुकानात माल "ठेवायला" दिला. विकला गेला की पैसे. विकला गेला की नाही हे त्यांनाच माहीत. चार महिन्यांनी मागायला गेले तेव्हा अर्ध्या फ्रेम्स उन्हात फिकट झालेल्या, त्या मला परत. ठेवायला देणं हा धंदा नाही, ते त्यांचं दुकान फुकट भरून देणं. माल आपला, आणि नुकसानही आपलंच.

तिसरं कुणी बोलत नाही म्हणून बोलते. मान. आठ तास कटिंग मॅटवर वाकून बसलं की मानेचं आणि अंगठ्याचं काय होतं ते चाळिशीत कळतं. मला अंगठ्याला पट्टा लागला.

वाईट वाटून घेऊ नका. आता रविवारी करते, आणि फक्त ज्यांना द्यावंसं वाटतं त्यांनाच देते. झोप लागते.

सदाफुली७

+१. मानेबद्दल +१००.

पाकीटमार_नव्हे

नाव बघून घाबरू नका, आमचा धंदा आहेराच्या पाकिटांचा आहे. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली, तीच. मी आणि माझी जाऊ, इचलकरंजी.

आम्हीही सुरुवात बॉक्स आणि कार्डांनीच केली. मग लक्षात आलं की एक्स्प्लोजन बॉक्स घेणारा मुलगा आयुष्यात एकदा घेतो, फार तर दोनदा (दुसऱ्यांदा दुसऱ्या मुलीसाठी). पाकीट मात्र प्रत्येक घराला दर लग्नसराईत लागतं, आणि कुणी एक घेत नाही, २५-५० घेतात. पाकिटाचा आकार एकदाच ठरवला, डाय (कापायचा साचा) बनवून घेतली आणि कापायचं काम पंचिंगवाल्याला देतो. आम्ही दुमडतो, चिकटवतो, वर हाताने काम करतो. खणाची पट्टी, छोटी नथ, कागदी कमळ. १०० पाकिटांना चार तास. पाकिटाला साडेतीन रुपये माल, आम्ही १२ला दुकानाला देतो, दुकान २०ला विकतं. तुमचे हिशेबतपासनीस साहेब काढतील तासाचे किती ते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोट्या डायऱ्या देतो. नोव्हेंबरपासून त्याच बांधतो. डिसेंबरात कुणी "ताई, एकच सुंदर कार्ड करून द्या ना" म्हणालं तर आता नाही म्हणतो. हे नाही म्हणणं शिकायला आम्हाला तीन वर्षं लागली.

हिशेबतपासनीस

१०० पाकिटांवर ८५० उरले, भागिले ४. तासाला २१२. पंचिंग धरलं तर दोनशेच्या आत-बाहेर. आणि कुणाचा बेबी पिंक नाही.

घडीवाली

मी ओरिगामी शिकवते, शाळांमध्ये आणि उन्हाळी सुट्टीत घरी. माझं उत्पन्न वस्तूंपेक्षा वर्गांचं जास्त आहे. मुलांना १५ सेंटिमीटरचा चौरस कागद, मोठ्यांना मॉड्युलर गोळे (सुट्या घड्या एकात एक अडकवून केलेले). वर्गाचा फायदा असा की पैसे आधी मिळतात आणि माल पडून राहत नाही. तोटा असा की जूनमध्ये शाळेचा फोन बंद होतो, तो थेट दिवाळीच्या सुट्टीला वाजतो.

एक कळकळीची सूचना. नेटवरची आकृती बघून घडी घालून विकू नका. पारंपरिक बगळा, होडी, बेडूक यांचं ठीक आहे, पण आधुनिक रचनांना रचनाकार असतो. विकण्याआधी परवानगी मागा. बहुतेक जण देतात, फक्त नाव लिहा म्हणतात.

कंदील_गल्ली

माहीमवरून बोलतोय. कंदील गल्लीच्या पलीकडे राहतो, सिझनला आमच्या घरातलं कॉटसुद्धा कंदिलाखाली जातं.

पारंपरिक षटकोनी कंदील, पतंगी कागद, बांबूच्या कामठ्या, खाली झिरमिळ्या. मोठ्या कंदिलाबरोबर करंज्या, म्हणजे छोटे कंदील, त्याच जास्त खपतात. कामठ्या मे-जूनमध्ये तासून ठेवाव्या लागतात, सांगाडे गणपतीपर्यंत तयार. कागद मात्र शेवटी लावायचा, नाहीतर पावसाळी हवेत सैल पडतो आणि कंदील म्हाताऱ्याच्या गालासारखा दिसतो. पैसे सहा महिने अडकतात आणि सुटतात बारा दिवसांत. त्या बारा दिवसांत परतीचा पाऊस आला की संपलं. कागदाचा माल रस्त्यावर मांडणाऱ्याने हवामान खातं देवघरात ठेवावं.

पण मला सांगायचं होतं ते मखराबद्दल. २३ मार्च २०१८ला राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. थर्माकोलवाले त्या गणपतीपुरती सवलत मागायला उच्च न्यायालयात गेले, मिळाली नाही. तोवर पुठ्ठ्याचं मखर म्हणजे हौशी लोकांचं काम होतं, त्या वर्षापासून ते बाजाराचं काम झालं. थर्माकोल कापणारी पोरंच आता कोरूगेटेड कापतात. तीन प्लाय (तीन थरांचा) आतल्या नक्षीला, पाच प्लाय खांबांना. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवायच्या, म्हणजे वजन पेलतं, आडव्या ठेवल्या की मूर्ती बसताच कमान वाकते. खाचेत खाच अडकवून उभं राहणारं, खिळा-डिंक न लागणारं आणि विसर्जनानंतर सपाट घडी करून माळ्यावर ठेवता येणारं मखर जो काढेल त्याला गिऱ्हाईक आहे. ताईंच्या पालखीचं डोकं तिकडे चालेल असं वाटतं.

एडिसनकर

सपाट घडीला अनुमोदन. इथे अमेरिकेत आमच्या मंडळासाठी तीन वर्षांपूर्वी पुण्याहून असंच मखर सूटकेसमध्ये आणलं, अजून वापरतोय. पण अमेरिकेत पार्सलने माल विकायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५पासून बंद झालीय. आता छोट्या कार्डालासुद्धा शुल्क लागू शकतं, आणि ते गिऱ्हाइकाला दारात कळलं तर परत पाठवतं.

हिशेबतपासनीस

पार्सलवरून आठवलं. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे काढतात, काट्यावरचं आणि मापावरचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ३० बाय ३० बाय १५ची पेटी असेल तर २.७ किलो. आत पालखी ६०० ग्रॅमची असली तरी पैसे २.७ किलोचे. कागदाच्या वस्तूत हवाच जास्त असते आणि आपण हवेचं भाडं भरतो. घडी होणारी वस्तू करा असं वर सगळे म्हणतायत त्याचं हेही कारण आहे.

जीएसटीचं व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) तिघांनी विचारलं म्हणून इथेच लिहितो. फक्त वस्तू विकत असाल तर राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. घडीवाली ताईंसारखे वर्गही घेत असाल तर ती सेवा झाली आणि मर्यादा २० लाखांवर येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. राज्याबाहेर माल विकायचा तर एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना यात सूट आहे, पण आपली वस्तू त्या यादीत बसते का ते सीएकडून बघून घ्या. ऑनलाइन पोर्टलवर विकायला पूर्वी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन चालतं.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) फुकट आहे. फुकट. दीड-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइट्स सरकारी नाहीत.

सदाफुली७

कारागिरांसाठीच्या सरकारी विश्वकर्मा योजनेत बसतं का हे? शेजारच्या शिंपीकाकूंना मिळालं.

हिशेबतपासनीस

त्यात १८ व्यवसाय आहेत. शिंपी आहे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, टोपल्या-झाडूवाले आहेत. कागदकाम म्हणून वेगळं नाही. कर्ज हवंच असेल तर सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज, ५०,०००पर्यंत. पण पहिल्या वर्षी कर्ज काढून कटिंग मशीन घेऊ नका, हे माझं मत. आधी कटिंगवाल्याकडे जाऊन करा, त्याचं वर्षाचं बिल मशीनच्या किमतीजवळ आलं की मग घ्या.

नाशिकची_नलू

मी कागदी लगद्याचे गणपती करायचा विचार करतेय. वर्तमानपत्रं घरात पडूनच आहेत. पर्यावरणपूरक म्हणून चांगले खपतील ना?

जुजबंदी

नलूताई, थांबा. २०११ला राज्य सरकारने कागदी लगद्याच्या मूर्तींना प्रोत्साहन देणारा निर्णय काढला होता. २०१६ला पुण्याच्या हरित लवादाने त्याला स्थगिती दिली. मुद्दा असा होता की छापील कागद पाण्यात विरघळला की शाईतले धातू पाण्यात उतरतात. करायचंच तर न छापलेल्या कागदाची कात्रणं वापरा. आमच्यासारख्या बाइंडरकडे पोत्याने पडलेली असतात, मागितली तर कुणीही देईल. डिंक चिंचोक्याच्या खळीचा, रंग हळद-गेरूचे. आणि लगदा वाळायला वेळ द्या. बाहेरून खडखडीत आणि आतून ओली मूर्ती चतुर्थीला बुरशी घेऊन येते.

चिंचोक्याची खळ म्हटलं की सावंतवाडीची गंजिफा आठवते. गोल पत्ते, थरावर थर चढवून केलेले, दशावतारी संच १२० पत्त्यांचा. राजघराण्याने ती कला उचलून धरली म्हणून टिकली. तो संच महाग वाटतो त्यांनी एकदा एक पत्ता रंगवून बघावा.

टपरीवरचा

मी चेष्टा केली होती, मागे घेतो. आईला संक्रांतीच्या वाणाला ४० डायऱ्या हव्यात. इचलकरंजीकर, व्यनि केलाय.

पाकीटमार_नव्हे

बघितला. आगाऊ निम्मे.

गुंडाळी

चार दिवस लिहिलं नाही, वही उघडून बसले होते. गेल्या अकरा महिन्यांच्या सगळ्या ऑर्डरी तासांसकट मांडल्या. बॉक्समध्ये तासाला ७१ पडले. क्विलिंगच्या फ्रेम्समध्ये ४४. चव्वेचाळीस! आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना यापेक्षा जास्त पडतात, आणि त्यांना पडायलाच हवेत. सगळ्यात वर काय आलं सांगू? रुखवत. पालखीचे २,८०० घेतले होते आणि मला ती करायला नऊ तास लागले. माल ४००चा. तेव्हा वाटलं होतं की जास्त घेतले.

नोकरी सोडत नाहीये. निदान पुढच्या चैत्रापर्यंत नाही. बॉक्स बंद. रुखवताचे तीन ठरलेले संच करणार, फोटोतून निवडा, बदल नाहीत. बेबी पिंक नाही. पालखी घडीची करायचा प्रयत्न चालू आहे, दांडी निघते पण छत उघडल्यावर मधोमध पोक येतो. सासूबाईंनी काल रात्री येऊन बघितलं, काही बोलल्या नाहीत, पण मोगऱ्याच्या दोन माळा ओवून ठेवल्या.

काका, पोक कशाने येत असेल? ३ प्लायचा पुठ्ठा आहे.

जुजबंदी

नळ्या कुठल्या दिशेला आहेत छतात?

गुंडाळी

...आडव्या.

कंदील_गल्ली

😀

जुजबंदी

उभ्या करा. आणि मधल्या घडीवर कापू नका, बोथट सुरीने नुसती रेघ दाबा. जमलं नाही तर रविवारी सकाळी छत घेऊन दुकानात या. चहा आमचा, पुठ्ठा तुमचा.